तुमच्या कपाटातले दोन सरडे

१२ एप्रिल, रविवार

बाबा,

नऊ वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. ही माफी आधीच मागून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मी माफी मागणार नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणारी माणसं लिहीत नाहीत, आणि आपण तर बोलतही नव्हतो फारसं. आज लिहायला बसले, कारण सकाळी मी दोन शब्द बोलले आणि ते दुपारभर डोक्यातून जात नाहीत. ते शेवटी सांगते. कोर्टात रोज साक्षी टाइप करून करून मला सवय लागली आहे, आधी साक्षीदार कोण, मग जागा, मग काय पाहिलं. पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायचं आणि ऐकलेलं ऐकलं म्हणून. ही सवय कोर्टाने लावली असं मी लोकांना सांगते. खरं तर ती तुमची आहे.

तर पाहिलेलं असं, की तुमच्या काचेच्या कपाटात गेल्या दिवाळीपासून दोन सरडे राहतात. आपल्याकडचे नव्हेत. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, उजाड मुलखातले, शेपटी धरून फूटभरही नाहीत, अंगाचा रंग भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीसारखा, आणि हनुवटीखाली बारीक काट्यांची दाढी. पुण्याच्या एका माणसाने घरी वाढवलेले आहेत. तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. हो, सरकारी नोंदणी केली आहे, कागद तुमच्याच निळ्या फायलीत लावला आहे, वरून तिसरा. नर थोडा मोठा, मादी लहान. दोघांना वेगवेगळे दगड दिले, तरी ऊन खायला एकाच दगडावर येतात, आणि जागा पुरत नसली तर एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसतो. झोपताना मादीचं डोकं त्याच्या मानेवर असतं. हे मी रोज पाहते. तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, सरड्याला नातं वगैरे काही नसतं, तो फक्त ऊन आणि किडे ओळखतो. म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

मादी एक हात उचलते. पुढचा एक पाय हवेत वर नेते आणि गोल फिरवून हळूच खाली ठेवते, वर्गात उत्तर येत असून बोलायची भीती वाटणाऱ्या मुलीसारखी. पहिल्या दिवशी मला वाटलं ती मला ओळख देते आहे, मीही हात केला. नंतर वाचलं, त्याचा अर्थ ओळख असा नाही. मी लहान आहे, तुमच्या वाटेला जाणार नाही, मला काही करू नका, असा आहे. तेव्हापासून मी तिच्यासमोर सावकाश बसते.

कपाट रिकामं कसं केलं तेही सांगते. तुमची सगळी सन्मानचिन्हं, ती पितळी समई, लाकडावर बसवलेला तो नकाशा, फाउंटन पेनाचा संच, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. गुंडाळलं नाही. एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला तेव्हा मी थांबले नाही. सत्काराच्या शालीची एक पट्टी कापून दोघांना लपायला दिली, ती त्यांना फार आवडली आहे. आणि तुमच्या साठीला छापलेली गौरविका आठवते? दोन गठ्ठे उरले होते, तुम्ही कोणाला द्यायचे ते पानावर लिहून ठेवलं होतं. आता रोज सकाळी त्यातलं एक पान तळाला अंथरते आणि संध्याकाळी घाण झालेलं काढते. 'शिस्त आणि वात्सल्याचा संगम' या लेखाला चार पानं लागली, म्हणजे चार दिवस. तुमच्या फोटोचं पानही वापरलं. दोनदा. आईने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. म्हणाली, "बाप्पा! मास्तरचा फोटो असा कामी येईन असं वाटलं नोतं वं."

आईला पहिले पंधरा दिवस त्या खोलीत पाय ठेववत नव्हता. आता तीच दोडक्याची फुलं वेचून आणते, दुधी किसून देते, शेवग्याचा कोवळा पाला धुऊन पुसून ताटलीत मांडते. परवा शेजारीण आली होती, ती म्हणाली, "काकू, तुम्हाला किळस नाही वाटत?" आई म्हणाली, "कायची किळस? मीठ कमी हाय म्हनत नाई, भाजी फेकत नाई. देल्लं ते खाते गुपचूप." मग माझ्याकडे पाहून, "बापापरीस बरा हाय." हे मी ऐकलं, म्हणून लिहिलं. तुम्हाला कळायला हवं.

आता जुनं. मी सहावीत. आपण शाळेच्या गावी भाड्याच्या खोल्यांत राहत होतो, मागे मोकळं मुरमाड रान. चैत्रात तिथे ते छोटे पंख्याचे सरडे निघायचे. नर दगडावर चढून दोन पायांवर उभा राहायचा आणि गळ्याखालचा पंखा उघडायचा, पांढुरका, मधोमध निळा. मी एक नर आणि एक मादी धरली, कशी धरली ते आता आठवून माझीच मला लाज वाटते, आणि तेलाच्या आडव्या डब्यात वाळू, दगड आणि वर मच्छरदाणीचा तुकडा, असं घर केलं. ते करणंही चूक होतं. रानातलं जनावर आणायला नको होतं, हे मी आज मान्य करते आणि ते माझ्या खात्यावर ठेवते. पण तुम्ही तेव्हा रागावला नव्हता. तुम्ही डब्यात वाकून पाहिलं होतं, चष्मा वर करून, आणि म्हणाला होतात, "नर चांगला आहे." मला वाटलं, तुम्ही माझं कौतुक करता आहात. तुम्ही निवड करत होतात.

शाळेची तपासणी आठ दिवसांवर होती. प्रयोगशाळा तुमच्याकडे. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, एक ओळ होती, 'सरडा, बरणीसह, नग एक'. बरणीच्या झाकणाचं मेण तडकलं होतं, आतलं औषध उडून गेलं होतं आणि सरडा सडून काळा झाला होता. पुढचं ऐकीव आहे, शाळेच्या शिपायाने आईला सांगितलं आणि आईने मला, खूप वर्षांनी. तो तुम्हाला म्हणाला, "लिहून टाका ना सर, खराब झाला म्हनून. सरडा कोन मोजते?" आणि तुम्ही म्हणालात, "नोंद आहे म्हणजे वस्तू पाहिजे." खराब झाला असं लिहायचं तर हलगर्जी कोणाची तेही लिहावं लागलं असतं. खोटं तुम्ही लिहिलं नसतं, ते तर मीही शपथेवर सांगेन. म्हणून तुम्ही खरं करून घेतलं.

रविवार होता, आजच्यासारखाच. तुम्ही मला शाळेत नेलं, डबा माझ्या मांडीवर, सायकलच्या मागच्या कॅरिअरवर मी. मला वाटलं, मुलांना दाखवायला नेतो आहोत. प्रयोगशाळेत ऊन आडवं येत होतं. तुम्ही नराला काढलंत, मोठ्या काचेच्या बरणीत सोडलंत आणि बाटलीतलं क्लोरोफॉर्म कापसाच्या बोळ्यावर घेतलंत. तेव्हा मला कळलं. मी म्हणाले, "बाबा, मले देऊन द्या. मले देऊन द्या तो." आणि तुम्ही, बोळा चिमट्यात धरलेला, मान न वळवता म्हणालात, "मला. 'मला' म्हण." मी म्हणाले, "मला." तुम्ही बोळा आत टाकलात आणि म्हणालात, "झाकण धर. घट्ट. त्याला काही कळत नाही." मी धरलं. दोन्ही हातांनी. त्याने काचेत स्वतःला पाहिलं असावं, समोर दुसरा नर आहे असं समजून तो दोन पायांवर उभा राहिला आणि त्याने पंखा उघडला. पूर्ण. मग तो बसला. हे सगळं मी एक हाताच्या अंतरावरून पाहिलं आहे, मध्ये काचेशिवाय काही नव्हतं, आणि साक्षीत जे विचारतात, की प्रकाश पुरेसा होता का, तर होता.

दुसऱ्या दिवशी बरणीवर चिठ्ठी आली, तुमच्या त्या देखण्या अक्षरात, 'सरडा (नर), स्थानिक'. खाली 'भेट' आणि माझं नाव. तपासणीचे साहेब म्हणाले म्हणे, वा, मुलीलाही विज्ञानाची गोडी आहे. तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत आणि त्या संध्याकाळी खवा घातलेला शिरा झाला. मी खाल्ला. मादी त्यानंतर त्याच दगडावर येऊन बसायची, किडे दिले तरी बघायची नाही. आठवड्याने मी तिला बांधावर सोडून आले. ती जगली की नाही ते मला माहीत नाही, म्हणून ते लिहीत नाही.

मला हे सगळं तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. नोकरी लागली त्या वर्षी सांगणार होते. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा, त्या समारंभात मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा हे सांगायचं ठरवूनच गेले होते, आणि मी तुमच्या अक्षराबद्दल बोलले. शेवटच्या आजारात तुम्ही पाणी मागायचात तेव्हा ग्लास हातात घेऊन मी दारात एक क्षण जास्त थांबायचे. एक क्षणच. तुमच्या लक्षात आलं होतं का? यायला हवं होतं. मग तुम्ही गेलात, आणि राग घेऊन जायला जागा राहिली नाही. म्हणून कपाट. तुम्ही त्या कपाटाच्या काचेला कोणाला बोट लावू दिलं नाही, दर दिवाळीला स्वतः पॉलिश केलं, पाहुण्यांची पोरं आली की खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचात. त्याच काचेच्या आत आता सरडे ऊन खातात, तुमच्या टेबललॅम्पच्या उजेडात, आणि काचेवर आतून त्यांच्या पोटाचे डाग आहेत. कोणी आलं आणि विचारलं, की मी सांगते, बाबांना सरड्यांची फार आवड होती.

इथवर लिहिताना मला बरं वाटत होतं. पुढचं लिहायला बरं वाटत नाही.

होळीच्या सुमाराला मादी दगडावर चढताना घसरायला लागली. मग मागचा डावा पाय ओढायला लागली. आता दोन्ही. पुढच्या हातांनी स्वतःला ओढत दगडाशी येते, चढता येत नाही, मग नर खाली उतरतो आणि तिच्याजवळ, जिथे ऊब कमी आहे तिथे, बसून राहतो. हात अजून उचलते, पण वरपर्यंत जात नाही, मध्येच थरथरतो. इथल्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. चष्मा काढून त्यांनी तिला तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "ताई, म्हैस असती तर आत्ता सांगितलं असतं. याच्यातलं मले काही समजत नाही, खोटं कायले बोलू?" त्यांनीच नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला, ज्या असली जनावरं पाहतात. आज सकाळी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांनी मादीचा जबडा, कणा, पाय दाखवायला सांगितले. हाडं मऊ पडली आहेत, म्हणाल्या. या सरड्यांना उन्हातले अतिनील किरण लागतात, नाहीतर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. "तो खास दिवा लावता ना?" लावते, म्हणाले. दिवाळीपासून, रोज दहा तास. मग त्यांनी विचारलं, "दिवा आणि प्राणी यांच्या मध्ये काच आहे का?"

काच आहे, बाबा. तो दिवा म्हणजे दोन फुटांची नळी असते. ती कपाटाच्या आत, वरच्या फळीला स्क्रूने बसवायची आणि वायरीसाठी फळीला भोक पाडायचं. मी ती बाहेर, काचेच्या दारासमोर, स्टँडवर उभी केली आहे. टेबललॅम्प आत ठेवता आला, त्याची वायर दाराच्या फटीतून निघते आणि फटीला मी जाळी लावली आहे. नळीला भोकं लागतात. काचेतून उजेड जातो, ते किरण जात नाहीत. तुम्ही असतात तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं असतं; नववीला तुम्हीच शिकवायचात, प्रकाशाचा धडा. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. पुण्याच्या माणसाने दिलेल्या कागदावर ते छापलेलं आहे, दुसऱ्या बाजूला, ठळक. मी वाचलं होतं. स्वतःला म्हणाले होते, काच पातळ आहे.

ते कपाट झालं तो दिवस मला आठवतो, तो आठवायचा नाही असं ठरवूनही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही मला घेऊन नांदुऱ्याला गेलात, लाकूड पाहायला. सागाच्या फळ्या उभ्या करून तुम्ही वास घेत होतात, आणि एक फळी पुढे करून म्हणालात, "ही बघ बरं." माझं मत विचारलंत. मिस्त्री देऊळघाटचे, अंगणात महिनाभर काम चाललं होतं. वरचा खण तुम्ही ठेंगणा सांगितला होता. मी म्हणाले, उंच ठेवा, नाहीतर वरून अंधार पडेल. मिस्त्री रंधा थांबवून म्हणाले, "मास्तर, लडकी सही बोल रही है." तुम्ही माझ्याकडे बघितलं, मोजपट्टी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मग किती ठेवायचा, सांग त्यांना." मी सांगितलं. तेवढाच ठेवला. लाकडाची एक लांब गोल साल निघाली होती, ती तुम्ही उचलून माझ्या वेणीत अडकवलीत. या घरात माझ्या शब्दाने झालेली ती एकच वस्तू. तुमची पितळी समई मी आपटली, शाल कापली, फोटो घाण होऊ दिला. त्या फळीला भोक पाडायला मात्र ड्रिल घेऊन तीनदा स्टुलावर चढले आणि तीनदा उतरले.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "काच नाही." हेच ते दोन शब्द. शपथेवर खोटं बोलणारी माणसं कशी बोलतात ते मी रोज ऐकते. ती लगेच बोलतात, विचार न करता. मीही लगेच बोलले. बाई गोंधळल्या, मग कसं काय, म्हणाल्या, दिवाच खराब असेल, औषधाचे थेंब लिहून दिले आणि पंधरा दिवसांनी फोन करा म्हणाल्या. मी वळले तर उंबऱ्याशी आई उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती कपाटाजवळ गेली, काचेला बोट लावलं, आत मादीने हात उचलायचा प्रयत्न केला. आई हळू आवाजात म्हणाली, "तुह्या बापानं बाटलीत घातला. तू कपाटात घालून राह्यली." मग फुलांची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. त्या रविवारचा माझा राग जसाच्या तसा आहे आणि गौरविकेचा दुसरा गठ्ठा अजून उघडायचा आहे. पण त्या रविवारी झाकण तुम्ही धरायला सांगितलं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमची फळी वाचावी म्हणून मी मादीचे पाय जाऊ दिले, एवढं माझ्या नावावर लिहिलं जायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. वाचून पाहिलं, बरोबर आहे.

उद्या: देऊळघाटच्या मिस्त्रींना ड्रिल घेऊन बोलावणे. वरच्या फळीला पाच भोकं, चार स्क्रूची, एक वायरीचं.